पहिलं बाळंतपण: सांगली की स्टुटगार्ट?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पहिली वेळ, चौदावा आठवडा, स्टुटगार्टला येऊन अडीच वर्षं झालेली, नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) आणि तू त्याच्या व्हिसावर, जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत झालेलं. सांगलीहून आई म्हणतेय, पहिलं बाळंतपण माहेरीच, सातव्यात निघून ये. नवरा म्हणतोय इथेच होऊ दे, पण मग घरात करणार कोण, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. वयाने मी तुझ्याहून बरीच मोठी असणार, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

माझी दोन बाळंतपणं दोन देशांत झाली. थोरली २०१५ साली कोल्हापुरात, धाकटा २०१९ साली न्यूर्नबर्गजवळ. माझं मत आधीच सांगते: तुझ्या परिस्थितीत इथेच राहा आणि आईला इकडे बोलाव. असं का म्हणते, ते आता सविस्तर सांगते, कारण आईला पटवताना तुला ते लागेल.

थोरलीच्या वेळी मी तिसाव्या आठवड्यात विमानात बसले. हौस होतीच. डोहाळजेवण झालं, हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं काही. माहेरी माझी खूप चांगली काळजी घेतली, त्याबद्दल आजही मनात फक्त कृतज्ञता आहे. पण लेक नऊ दिवस आधी आली. नवऱ्याचं तिकीट दिलेल्या तारखेच्या हिशोबाने काढलेलं. तो तिसऱ्या दिवशी पोचला आणि अकराव्या दिवशी रजा संपली म्हणून परत गेला. बारसं बाराव्या दिवशी होतं. पाळण्याची दोरी धरायला सगळे होते, बाप नव्हता.

त्याहून कठीण पुढचं होतं. भारतात जन्मलेल्या बाळाला जर्मनीत राहायला आणायचं तर त्याचा वेगळा राष्ट्रीय व्हिसा लागतो. आईबापांकडे परवाना असला तरी बाळ आपोआप येत नाही, आणि टुरिस्ट व्हिसावर आणून इथे पुढचं बघू असंही चालत नाही. आधी नावासकट जन्मदाखला, मग बाळाचा पासपोर्ट, मग व्हिसासाठी मुंबईची अपॉइंटमेंट, मग इकडच्या परदेशी नागरिक कार्यालयाची संमती. एक कागद दुसऱ्यावर अडलेला. आम्ही फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा लेक साडेचार महिन्यांची होती. विमानतळावर बापाने हात पुढे केले आणि ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. तीन दिवस ती त्याच्याकडे गेली नाही. तो रोज ऑफिसातून येऊन हात धुऊन तिच्यापासून चार हात लांब जमिनीवर बसायचा, काही न बोलता, तिला सवय व्हावी म्हणून. ते दृश्य मला अजून आठवतं, आणि म्हणूनच हा प्रश्न कुणी विचारला की मी लांबलचक लिहिते.

तुझ्या स्वतःच्या परवान्याला तसा धोका नाही. साध्या परवान्याला सहा महिने बाहेर राहिलं तर मुकावं लागतं, ब्लू कार्डवाल्याला आणि त्याच्या कुटुंबाला बारा महिन्यांची सवलत आहे. अडकतं ते बाळ.

पासपोर्टचा मुद्दा तुझ्या सासरकडून आलाय असं दिसतंय. 'तिकडे झालं तर तिकडचं नागरिकत्व' हे अमेरिकेबद्दल ऐकलेलं इथे लावू नका. जर्मनीत नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. २७ जून २०२४ पासून नियम सैल झाला, तरी आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचं निदान पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि कायमचा परवाना हवाच. तुमची अडीच वर्षं. म्हणजे बाळ सांगलीत झालं काय, स्टुटगार्टमध्ये झालं काय, भारतीयच राहणार. फक्त इथे झालं तर जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची, तुमच्यासाठी ती म्युनिकची. ही मुदत गांभीर्याने घे, पुढे नागरिकत्व त्यावरच उभं राहतं. आणि सहा महिन्यांच्या आत इथल्या परवान्याचा अर्ज.

पैशाचं थोडक्यात. नवऱ्याच्या सरकारी क्रांकेनकासेत, म्हणजे आरोग्यविम्यात, तू कुटुंब म्हणून विनाहप्ता आहेस, तर तपासण्या, प्रसूती, गरज पडली तर सिझेरियन, सगळं त्यात. दवाखान्याचे एरवीचे रोजचे दहा युरोही बाळंतिणीला द्यावे लागत नाहीत. भारतात ठरवून केलेल्या बाळंतपणाचा खर्च हा विमा देत नाही, आणि तिकडचा नवा विमा आत्ता काढून उपयोग नाही, मॅटर्निटीला प्रतीक्षाकाळ असतो. एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळ सांभाळणाऱ्या आईबापांना मिळणारा सरकारी भत्ता, तुला नोकरी नसली तरी किमान महिना ३०० युरो मिळतो, नवऱ्याने सुट्टी घेतली तर त्याला निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, कमाल १८०० युरो. पण अट अशी की राहतं घर जर्मनीत हवं आणि बाळ त्याच घरात हवं. बाळ सांगलीत आणि बाप स्टुटगार्टला, तर त्याला ते मिळत नाही. दोघांनी एकाच वेळी घ्यायचं तर आता एकच महिना मिळतो, तो त्याने अगदी पहिल्या महिन्यात घ्यावा. कंपनीला सात आठवडे आधी लेखी कळवायचं.

आता खरा प्रश्न, जो तुझी आई विचारतेय: करणार कोण? बाळंत होणं एक-दोन दिवसांचं, पण ओल्या बाळंतिणीचा सव्वा महिना जड असतो. इथे लोकांना वाटतं जर्मनीत कुणी विचारत नाही. विचारतात, पण आपल्याला माहीत नसलेल्या वाटेने. त्या वाटेचं नाव हेबामे. आपल्याकडची सुईण समज, पण तीन-चार वर्षं शिकलेली. बाळंतपणानंतर ती तुझ्या घरी येते. पहिले दहा दिवस रोजसुद्धा, पुढे बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून. टाके बघते, नाळ बघते, बाळाचं वजन करते, अंगावर कसं पाजायचं ते शेजारी बसून शिकवते. खर्च विम्याचा. फक्त त्या कमी आहेत आणि मोठ्या शहरात मिळणं कठीण, म्हणून चौदाव्या आठवड्यातसुद्धा तुला उशीर झालाय असंच मी म्हणेन. आजपासून रोज पाच जणींना फोन कर. अपार्टमेंटचा पत्ता आणि दिलेली तारीख आधी सांग, त्या पहिल्यांदा तेच विचारतात.

माझी हेबामे आणि माझी आई यांच्यात भाषेचा एकही शब्द समान नव्हता. पहिल्या दिवशी आईने गरम पाण्याचा टप, डाळीचं पीठ, तेल मांडून ठेवलेलं. हेबामेने टपात कोपर बुडवलं, मान हलवली, थर्मामीटर टाकून ३७ दाखवलं आणि नाळेकडे बोट करून 'अजून नाही' अशी खूण केली. आई रुसली. तिसऱ्या दिवशी मला पोटात दुखत होतं तर हेबामेने पिशवीतून चेरीच्या बियांची छोटी उशी काढली, ओव्हनमध्ये गरम केली आणि माझ्या ओटीपोटावर ठेवली. आई एकदम म्हणाली, "अगं, हा तर शेक!" त्यानंतर दोघींचं जमलं. दूध यावं म्हणून हेबामेने जो चहा दिला त्यात बडीशेप आणि शहाजिरं निघालं, आपल्या बाळंतशोपांची बहीणच. मात्र शेगडी आणि धुरी इथे नको. बंद खोलीत कोळसा जीवावर बेततो, आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजून अख्खी इमारत खाली उतरते. बाळगुटीही नको, आणि मध तर वर्षभर नाहीच.

आईसाठी ९० दिवसांचा शेंगेन व्हिसा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नवऱ्याने परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाची हमी देणारं पत्र घ्यायचं, त्याच्या अपॉइंटमेंटलाच वेळ लागतो, म्हणून ते आधी. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आईला बीपी-शुगर असेल तर तीन महिन्यांची औषधं चिठ्ठीसकट आणू दे, जुन्या दुखण्याचा खर्च त्या विम्यात सहसा धरत नाहीत. तिला अडतिसाव्या आठवड्याच्या सुमारास आण. म्हणजे परत जाताना बाळ अकरा आठवड्यांचं असेल, आणि तुझा सव्वा महिना आरामात तिच्या हाताखाली जाईल. तूप, खवा, पेढे आणायला सांगू नकोस, बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. तूप इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं सुरेख कढतं. डिंक आणि खारीक तिच्याकडून. आळीव म्हणजे इथलं क्रेसं, बी सेंद्रिय दुकानात मिळतं, फक्त खाण्याचं आहे ना ते बघून घे, पेरणीचं नको. शेपू तर जिकडे तिकडे मिळतो.

दवाखान्याबद्दल तुझी भीती भाषेची आहे. ती खरी आहे. कळा सुरू झाल्यावर बी-वन पार उडून जातं, माझं तर इंग्रजीही गेलं होतं, मी सरळ "आई गं" ओरडत होते. म्हणून शांत डोक्याने आधीच जाऊन ये. प्रसूती विभागाची माहिती-संध्याकाळ असते, तिथे नाव नोंदव. कमरेतून भूल हवी असेल तर भूलतज्ज्ञाशी बोलून तो कागद आधीच वाचून सही करून ठेव, कळांमध्ये चार पानी जर्मन वाचायची पाळी येऊ नये. नवरा आत तुझ्यासोबत असतो, शेवटपर्यंत, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. सोनोग्राफी मात्र नेहमीच्या तीनच असतात, सांगलीतल्या मैत्रिणींना दर भेटीला होते म्हणून घाबरू नकोस. आणि संध्याकाळी ताटात गार पाव आणि चीज येतं. नवऱ्याला थर्मासमध्ये मऊ भात-मेतकूट आणायला आत्ताच शिकव.

आणखी एक गोष्ट सांगते, ती सिझेरियनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) भारतात सिझेरियनचं प्रमाण २१.५ टक्के होतं, पण खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. सांगलीला गेलीस तर तू खासगीतच जाणार. जर्मनीतही साधारण तीनात एक होतंच, त्यामुळे इथे टळेलच असं नाही. पण तिकडे शेवटच्या दोन महिन्यांत नव्या डॉक्टरकडे जाणार असशील तर हा प्रश्न पहिल्या भेटीत तोंडावर विचारायचा.

कागदांचा त्रास इथे आहे, तो लपवत नाही. बाळाच्या नोंदणीला तुम्हा दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला लागतो, अधिकृत अनुवादासकट. आपल्या जुन्या दाखल्यांवर कितीदा बाळाचं नावच नसतं. तसं असेल तर आईला आत्ताच नगरपालिकेत पाठव. अपोस्टिलवर (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारतात त्या सरकारी शिक्क्यावर) विसंबू नका, भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे कागद पडताळायची गरज पडू शकते. आणि नावाचं आधी ठरवा. आपलं 'मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव' त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नाही, मधलं नाव बाळाचं दुसरं नाव म्हणून नोंदतात. ओळखीतल्या एका मुलीच्या वेळी नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी विचारलं होतं, मुलीला पुरुषाचं नाव कसं? आम्ही धाकट्याचं मधलं नाव लावलंच नाही. सासऱ्यांना वाईट वाटलं, पण शाळेपासून बँकेपर्यंत कुठे अडलं नाही.

मी तुला सांगलीला जा केव्हा म्हणेन? नवऱ्याची फिरती असेल आणि पहिल्या महिन्यात तो घरात नसणार असेल. आईला व्हिसा नाकारला किंवा तिची तब्येत प्रवासाची नसेल. किंवा तुझं मन आधीच खचलेलं असेल, रात्री झोप नाही, उगाच रडू येतं, असं काही असेल तर. प्रश्नात तू लिहिलंयस की 'दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही'. त्या वाक्यावर मी थांबले. हे डॉक्टरला सांग, नवऱ्यालाही नीट सांग. एकटेपणाने पोखरलेल्या मुलीला नोव्हेंबरच्या अंधारात एक बाळ देऊन चार भिंतींत ठेवू नये, मग व्हिसाचे चार महिने गेले तरी चालतील. तसं ठरलं तर बत्तिसाव्या आठवड्याच्या आत नीघ, विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत, अठ्ठाविसाव्यानंतर डॉक्टरचं पत्र जवळ ठेव. मुटरपास, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांची वही, जर्मनमध्ये असतो, त्याचा इंग्रजीतला सारांश लिहून घे. पायात दाबाचे मोजे घाल आणि दर तासाला उठून चाल.

इथे राहायचं ठरलं तर पहिली तीन कामं: हेबामेला फोन, हमीपत्राची अपॉइंटमेंट, आणि आईच्या पासपोर्टची मुदत. माझ्या आईचा पासपोर्ट संपून दोन वर्षं झाली होती आणि आम्हाला ते सहाव्या महिन्यात कळलं. आज रात्री फोनवर तिला कपाट उघडायला लाव.