गारपिटीचा ढग आधी कुणाला दिसतो?

प्रश्न: सर, आमची तासगाव भागात द्राक्षबाग आहे, एप्रिल आला की दुपारनंतर नजर आभाळाकडंच. मोबाईलवर सॅटेलाईटचा फोटो बघतो, पांढरा ढग दिसतो पण गारा पडणार का नुसतंच गडगडणार ते काय कळत नाही. मग रडार बघायचं का?

उत्तर: दादा, दोन्ही बघा, कारण इन्सॅट हा आपला हवामानाचा उपग्रह ३६ हजार किलोमीटरवरनं ढगाचा फक्त माथा बघतो, आत काय शिजतंय ते त्याला दिसत नाही. पण माथा किती थंड ते इन्फ्रारेडमधे, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या फोटोत कळतं, आणि एका फोटोत उणे २० अंश असलेला माथा पुढच्या एक-दोन फोटोत उणे ६० वर गेला तर ढग जोरात वर चढतोय, सावध व्हा! हे बऱ्याचदा रडारवर जोरदार पाऊस दिसायच्या आधी कळतं. रडार मात्र आतलं दाखवतं, थेंब-गारांवर आपटून लहर परत येते, ड्युअल पोलरायझेशनवाल्या, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणाऱ्या रडारला तर गोल गार आणि चपटा थेंब यातला फरकही बराचसा कळतो. अडचण एकच, पृथ्वी गोल. गोव्याच्या रडारचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा तुमच्याकडं येईपर्यंत तीन-चार किलोमीटर वर गेलेला असतो, खालचं सुटतं. म्हणून हवामान खातं दोन्ही जोडून बघतं, सोबत विजांची नोंदपण. ती पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या दामिनी अ‍ॅपवर फुकट आहे, ते आजच मोबाईलवर टाका. फॉरवर्ड आलेल्या फोटोवरची वेळ मात्र आधी बघा, निम्मे कालचे असतात.