अमेरिकेचा २०१८ चा तिबेट प्रवेशविषयक कायदा नेमका काय करतो?

चिनी अधिकारी आणि पत्रकार अमेरिकेत बऱ्यापैकी मोकळेपणाने फिरतात, पण तिबेटमध्ये, ल्हासाला जायचं तर परदेशी माणसाला चीनच्या व्हिसावर वेगळा परवाना लागतो. राजनैतिक अधिकारी आणि पत्रकारांना तर तो क्वचितच मिळतो. ही अडवणूक ज्यांच्या धोरणामुळे होते, त्या चिनी अधिकाऱ्यांना अमेरिकेचा व्हिसा नाकारायचा, हा या कायद्याचा गाभा. शिवाय अमेरिकी परराष्ट्र खात्याने पुढची पाच वर्षं दरवर्षी संसदेला अहवाल द्यायचा, अशीही तरतूद होती. २०२० मध्ये तेव्हाचे अमेरिकी परराष्ट्रमंत्री पॉम्पिओ यांनी असे व्हिसा-निर्बंध लावले. २०२५ मध्ये ते लावणारे परराष्ट्रमंत्री रुबिओ, म्हणजे सिनेटमध्ये हे विधेयक मांडणारेच!

एवढ्याने दारं उघडलेली नाहीत, हे खरं. तरी मला हा कायदा मोलाचा वाटतो. बाहेरचा साक्षीदारच नसेल तर तिथल्या अटका आणि छळाची नोंद कोण घेणार?