हॉटेलमधील माणसे पगारामुळे टिकतात की वरिष्ठामुळे?

हॉटेलमध्ये व्यवस्थापकाच्या नेतृत्वगुणांचा कर्मचाऱ्यांच्या कामावर आणि निष्ठेवर खरोखर परिणाम होतो की अखेर सारे पगारावरच ठरते, असे आपण विचारले आहे. मुंबईतील एका मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये मी अनेक वर्षे कॅप्टन, म्हणजे वेटरांच्या गटाचा प्रमुख होतो. परिणाम होतो, आणि ज्याला हे पटत नाही त्याने फ्लोअरवर कधी काम केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचे पहिले एफ अँड बी (खाद्य आणि पेय विभागाचे) मॅनेजर कामाआधीच्या रोजच्या ब्रीफिंगमध्ये आरक्षणे सांगण्याआधी आदल्या दिवशी काय चुकले ते विचारत आणि खरे सांगणाऱ्यावर कधीही आवाज चढवत नसत. त्यामुळे फुटलेल्या प्लेटची नोंद त्याच दिवशी ब्रेकेज रजिस्टरमध्ये होई आणि टवका उडालेला ग्लास कोणीही न घाबरता बाजूला काढी. लग्नसराईत बँक्वेटला, म्हणजे मोठ्या मेजवानीला, माणसे कमी पडली की ते स्वतः कोट काढून टेबले लावायला येत. दुपारी मध्ये सुट्टी देऊन सकाळ-संध्याकाळ राबवणाऱ्या ब्रेक शिफ्टबद्दल आम्ही कुरकुर करत असू, पण अशा दिवशी कोणी दांडी मारत नसे.

त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी फुटतुटीची रक्कम बिलावरील सर्व्हिस चार्जच्या आमच्या वाट्यातून कापायला सुरुवात केली. कागदावर फुटतूट एकदम घटली आणि वरच्या बैठकीत त्यांचे कौतुक झाले. प्रत्यक्षात फुटलेल्या प्लेटी ओल्या कचऱ्याच्या पिशवीत जात होत्या आणि टवके उडालेले ग्लास पुन्हा टेबलावर येत होते. एका रात्री अशाच ग्लासाने एका पाहुण्या बाईंचा ओठ कापला. साहेबांनी सर्वांसमोर त्या टेबलावर वाढप करणाऱ्या मुलाला झापले आणि त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला. तो ग्लास टेबलापर्यंत कोणत्या नियमामुळे पोहोचला, याचा विचार त्यांनी केला नाही. पुढे आमच्यातले बरेच जण जुन्या मॅनेजरांच्या नव्या हॉटेलात गेले, तेही जवळपास त्याच पगारावर. मी राजीनामा देताना मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांनी मला ऐकवले की हल्लीची मुले दोन हजार रुपये जास्त मिळाले की पळतात. ते बोलणे मला आजही लागते, कारण ते धादांत खोटे होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील मुंबईच्या ताज हॉटेलच्या कर्मचाऱ्यांचे उदाहरण निष्ठेसाठी नेहमी दिले जाते. महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले त्या हॉटेलातच मृत्युमुखी पडली, तरी ते सुटकेच्या कामात राहिले. शेफ हेमंत ओबेरॉय आपल्या माणसांसह पाहुण्यांना बाहेर काढत होते आणि स्वयंपाकघरातील काही जणांनी त्यात प्राण गमावले. त्या रात्री वरिष्ठ स्वतः आपल्या माणसांबरोबर होते, याचा उल्लेख मात्र फार थोडे लोक करतात.

पगार गौण आहे असे मी मुळीच म्हणत नाही. खोलीभाडे भरून घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला चांगल्या साहेबाच्या नावावर कमी पगारात राबवणे हा अन्यायच आहे, आणि जहाजावर किंवा आखातात चांगली नोकरी मिळत असेल तर त्याने जरूर जावे.

आपण व्यवस्थापक असाल तर गेल्या वर्षभरातील राजीनामे काढा आणि त्या त्या माणसाचा रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, कोण लावत होते, त्यानुसार ते वेगळे करा. बहुतेक जण एकाच वरिष्ठाच्या हाताखालून गेलेले दिसले, तर मुलांच्या निष्ठेविषयी बोलण्याआधी त्या वरिष्ठाला बोलावून घ्या. आमच्या त्या मनुष्यबळ प्रमुखांकडे असे राजीनामे एकामागून एक येत होते, आणि प्रत्येकावर त्यांनी कारण म्हणून पगारच लिहिला.