महागडा खेळाडू फसला म्हणजे जीएम फेल का? वाचकांचे बेसबॉल प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न मोठ्या कॉन्ट्रॅक्टबद्दलच आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हा विषय नीट घेतला.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधे यावरून कायम वाद होतो. मी म्हणतो एंजल्सच्या ज्या जीएमने (म्हणजे खेळाडू घ्यायचं-सोडायचं ठरवणारा जनरल मॅनेजर) अल्बर्ट पुहोल्सला दहा वर्षांचे २४ कोटी डॉलर दिले तो फेल, कारण पैसे गेले आणि वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) काही आली नाही. मित्र म्हणतो सही झाली त्या दिवशी पुहोल्ससारखा बॅटर दुसरा कोण होता सांग, मग चूक कशी? कोणाचं बरोबर?

मित्राचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यासाठी त्याने घेतलेलं उदाहरण साफ चुकलंय.

आधी मुद्दा बघू. २०१९ ची वर्ल्ड सिरीज वॉशिंग्टन नॅशनल्सने जिंकली आणि लगेच त्यांचे दोन मोठे खेळाडू फ्री एजंट झाले, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळे, पिचर (बॉल टाकणारा) स्टीफन स्ट्रासबर्ग आणि थर्ड बेसवाला अँथनी रेंडन. जीएम माइक रिझोने स्ट्रासबर्गला सात वर्षांचे २४.५ कोटी डॉलर दिले, रेंडनला जाऊ दिलं, आणि रेंडनला एंजल्सने दिले तेही बरोब्बर सात वर्षांचे २४.५ कोटी. पुढे काय झालं तर स्ट्रासबर्ग त्या नव्या करारात सगळ्या मिळून फक्त ८ मॅच पिच करू शकला, आधी हात मग खांद्याकडच्या नसांचं दुखणं, आणि करिअरच संपलं. आता कोणी म्हणेल बघा, रेंडनला ठेवायला हवं होतं. पण रेंडन २०२० ते २०२५ मधे एकाही सीझनला ५८ च्या वर मॅच खेळला नाही! म्हणजे रिझोने हा घेतला असता किंवा तो, दोन्हीकडे खड्डाच होता आणि तो सहीच्या दिवशी कोणालाच दिसत नव्हता. स्ट्रासबर्ग तेव्हा नुकताच वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) झाला होता, त्या सीझनला २०९ इनिंग टाकल्या होत्या. आणि याच रिझोने २०१५ च्या जानेवारीत तिशीतल्या मॅक्स शर्झरला सात वर्षांचे २१ कोटी दिले होते, तेव्हा एवढा लांब करार पिचरला देतात का म्हणून लोक ओरडत होते, आणि शर्झरने २०१६ आणि २०१७ चे साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचे) आणि २०१९ ची ट्रॉफी दिली. नुसत्या निकालावरून मार्क द्यायचे तर एकच माणूस एकदा हुशार आणि एकदा मूर्ख ठरतो, त्यातून त्याच्या डोक्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही.

आता पुहोल्स. त्याची गोष्ट वेगळी आहे कारण तिथे उतार आधीच दिसत होता. २००८ ला त्याचं बॅटिंग अॅव्हरेज (दर पाळीला किती हिट) .३५७, मग .३२७, मग .३१२, आणि २०११ ला .२९९. ओळीने खाली. हो, .२९९ आणि ३७ होमरन म्हणजे तेव्हाही तो जबरदस्तच होता, त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या एका मॅचमधे तीन होमरन मारले त्याने. पण सहीनंतर महिन्याभरात बत्तीस पूर्ण होणार होते आणि करार दहा वर्षांचा, म्हणजे बेचाळिसाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यापर्यंत. शिवाय पैसे मागच्या वर्षांकडे ढकललेले, पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख आणि शेवटच्या वर्षी ३ कोटी. खेळाडू उतरणार हे माहीत असताना पगार चढता ठेवला. वर ट्रेड (दुसऱ्या टीमला देणं) नाकारायचा पूर्ण हक्कही दिला, म्हणजे बाहेर पडायचं दारच बंद.

त्याची जुनी टीम सेंट लुइस कार्डिनल्स त्याला सोडायला तयार झाली, तिथला जीएम जॉन मोझेलायकने एका हद्दीनंतर बोली वाढवली नाही, आणि फॅन लोकांना ते किती लागलं असेल कल्पना करा, अकरा वर्षं तीन एमव्हीपी दोन ट्रॉफी देणारा माणूस. त्या जागी मोझेलायकने कार्लोस बेल्ट्रानला दोन वर्षांचे २ कोटी ६० लाख देऊन आणलं, त्याने २०१२ ला ३२ होमरन मारले. आणि तेव्हाच्या नियमाने एंजल्सचा पहिल्या राउंडचा ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायची पाळी) कार्डिनल्सला मिळाला, त्यातून आला मायकल वाका, जो २०१३ ला नॅशनल लीगच्या फायनलचा एमव्हीपी झाला आणि टीम वर्ल्ड सिरीजला गेली. एंजल्स त्या दहा वर्षांत एकदाच प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) गेले, २०१४ ला, आणि तिथे एकही मॅच न जिंकता बाहेर. माइक ट्राउटसारखा खेळाडू टीममधे असताना! मला तर अजूनही त्याचंच जास्त वाईट वाटतं.

प्रश्न : मग सहीच्याच दिवशी चुकलेला करार असं तुम्ही कोणत्या एकाला म्हणाल?

रायन हॉवर्ड. फिलाडेल्फिया फिलीज, एप्रिल २०१०, जीएम रूबेन अमारो ज्युनियर.

इथे रक्कम बघू नका, तारीख बघा. हॉवर्डचा जुना करार २०११ संपेपर्यंत होता. म्हणजे जवळजवळ दोन सीझन हातात होते, कोणी त्याला पळवून नेत नव्हतं. तरी अमारोने आधीच पाच वर्षांचे १२.५ कोटी लिहून दिले, जे सुरू होणार होते २०१२ ला, हॉवर्ड बत्तीस वर्षांचा झाल्यावर. अंगाने मोठा, फर्स्ट बेसशिवाय दुसरीकडे कुठे उभा करता येत नाही, डावखुऱ्या पिचरसमोर अडखळतो, हे सगळं तेव्हाही माहीत होतं. असे बॅटर तिशीनंतर झपाट्याने उतरतात हेही नवीन नव्हतं. आणि नॅशनल लीगमधे तेव्हा डीएच (फक्त बॅटिंग करणारा, फील्डिंग न करणारा खेळाडू) नव्हता, मग म्हातारपणी त्याला नुसतं बॅटिंगला ठेवायची सोय पण नाही. अमारो थांबला असता तर काय बिघडलं असतं? २०११ च्या हिवाळ्यात पुहोल्स आणि प्रिन्स फील्डर असे दोन फर्स्ट बेसवाले बाजारात आले, हॉवर्डची किंमत त्यांच्यासमोर घासाघीस करून ठरली असती.

त्याऐवजी झालं असं, की ७ ऑक्टोबर २०११, प्लेऑफमधे कार्डिनल्सविरुद्ध पाचवी मॅच, फिलीज १-० ने मागे, शेवटचा बॅटर हॉवर्ड. ग्राउंडर मारला, फर्स्ट बेसकडे पळाला आणि मधेच कोसळला, टाचेची शीर तुटली. सीझनचा शेवटचा आउट तोच. नवीन करार अजून सुरूही झाला नव्हता. ती दुखापत हे नशीब, त्यासाठी मी अमारोला एक शब्द बोलणार नाही. पण गरज नसताना दोन वर्षांची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतली हा निर्णय पूर्णपणे त्याचा.

एक लक्षात घ्या, तिशीतल्या खेळाडूला एवढे पैसे मिळतात ते त्या सिस्टिममुळे. मेजर लीगमधे सहा वर्षं सर्व्हिस झाल्याशिवाय फ्री एजंट होता येत नाही, त्यातली पहिली तीनेक वर्षं तर जवळपास किमान पगारावर जातात. म्हणून खेळाडू बाजारात येतो तोवर त्याचे बहार असलेले दिवस निम्मे सरलेले असतात, आणि त्याला तेव्हाच काय ते कमवायचं असतं. त्यात खेळाडूची काही चूक नाही, पैसे मागितले म्हणून त्यांना लोभी म्हणणारी पत्रं येतात ती मला अजिबात पटत नाहीत.

प्रश्न : बॅटिंग होत नाही हे दिसत असून महागड्या खेळाडूला रोज टीममधे का घेतात? बसवायचं ना सरळ.

या प्रश्नावर मी लिहीन तेवढं थोडं आहे, कारण जीएमची खरी परीक्षा माझ्या मते इथेच असते. सही चुकली तर चुकली, सगळ्यांच्या चुकतात, पण चुकलीय हे कळल्यावर तो काय करतो?

बेसबॉलचे करार गॅरंटीड असतात. खेळाडूला काढला तरी पैसे द्यायचेच, दुसरी टीम त्याला किमान पगारावर उचलते आणि उरलेलं बिल तुमच्याच नावावर. म्हणजे पैसे गेले, तो खेळो नाहीतर घरी बसो. हिशोबाने बघितलं तर त्या क्षणापासून पगाराचा विचार सोडून फक्त एकच बघायला हवं, की रोस्टरवरच्या २६ जागांपैकी ही एक जागा या माणसाने भरावी की दुसऱ्याने. पण ऑफिसमधे बसलेल्या माणसाला ते जमत नाही, कारण बसवला की सगळ्यांना दिसतं आपण चुकलो.

बॉल्टिमोर ओरिओल्सचा क्रिस डेव्हिस घ्या. २०१३ ला ५३ होमरन, २०१५ ला ४७, दोन्ही वेळा सगळ्या मेजर लीगमधे पहिला. जानेवारी २०१६ ला सात वर्षांचे १६.१ कोटी. २०१८ पर्यंत अवस्था ही की १२८ मॅच खेळवला आणि अॅव्हरेज .१६८, क्वालिफाय झालेल्या (म्हणजे सीझनभर पुरेशा पाळ्या खेळलेल्या) बॅटरमधे मेजर लीगच्या इतिहासातलं सगळ्यात कमी. त्या वर्षी टीम ११५ मॅच हरली. मग त्या सप्टेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत सलग ५४ अॅट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) एकही हिट नाही. १३ एप्रिल २०१९ ला बोस्टनमधे रिक पोर्सेलोला एक सिंगल मारली आणि तो प्रकार संपला, डेव्हिसने तो बॉल आठवण म्हणून मागून घेतला. तो चांगला माणूस होता, प्रयत्न करत होता, आणि त्याला रोज हजारो लोकांसमोर असं उभं करणं हे त्याच्यावरही अन्यायाचंच होतं असं मला वाटतं. आणि जी टीम ११५ मॅच हरतेय तिने ती शेकडो अॅट-बॅट चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलांना दिली असती तर निदान कळलं असतं कोण टिकतो. ते न कळणं हाही खर्चच आहे, फक्त तो पगाराच्या यादीत दिसत नाही.

पुहोल्सचं तेच. एंजल्सनी त्याला सोडला मे २०२१ ला, शेवटच्या वर्षी, अॅव्हरेज .१९८ असताना. तोवर फर्स्ट बेसला जॅरेड वॉल्श होता आणि डीएचला ओहतानी, मग त्याला जागाच नव्हती. हा निर्णय योग्यच होता पण किती उशिरा!

प्रश्न : करार मालकाने करायला लावला असेल तर जीएमला का बोलायचं?

बोलायचं, पण कमी. पुहोल्सच्या वेळी एंजल्सचा मालक आर्टे मोरेनो स्वतः पुढे होता आणि जीएम जेरी डिपोटोला तर नोकरीला लागून दोन महिनेही झाले नव्हते. डेव्हिसच्या वेळीही मालक अँजेलोस यांनीच जोर लावला असं सगळीकडे छापून आलं होतं. मालकाचे पैसे, मालकाची हौस, जीएम फार तर समजावू शकतो. पण तो महागडा खेळाडू आल्यावर बाकीच्या जागा कशा भरल्या, मागे कोण तयार ठेवला, हे जीएमचंच काम राहतं आणि त्याचे मार्क मी पूर्ण कापते.

प्रश्न : डॉजर्सनी ओहतानीला दिलेले ७० कोटी डॉलर वेडेपणा नाही का?

नाही. ७० पैकी ६८ कोटी २०३४ ते २०४३ मधे द्यायचेत, आत्ता वर्षाला फक्त २० लाख. लक्झरी टॅक्सच्या (टीमचे एकूण पगार मर्यादेवर गेले की लागणारा दंड) हिशोबात तो वर्षाला साधारण ४.६ कोटी धरला जातो, त्यामुळे डॉजर्सना आजूबाजूला टीम उभी करायला मोकळीक मिळाली. २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्ल्ड सिरीज त्यांच्याकडे आहेत. आकडा मोठा दिसतो म्हणून करार वाईट होत नाही.

प्रश्न : फसलेल्या करारातून कोणी शहाणपणाने बाहेर पडलंय का कधी?

पडलेत ना. ऑगस्ट २०१२, बोस्टन रेड सॉक्सचा जीएम बेन चेरिंग्टन. आधीच्या जीएमने कार्ल क्रॉफर्डला सात वर्षांचे १४.२ कोटी दिले होते आणि ते चालत नव्हतं. चेरिंग्टनने क्रॉफर्ड, एड्रियन गोन्झालेझ, जॉश बेकेट एकाच ट्रेडमधे डॉजर्सकडे पाठवले, २५ कोटीच्या वरचं ओझं उतरलं. गोन्झालेझ चांगला खेळत होता तरी दिला, कारण तो नसता तर डॉजर्सनी बाकीचे घेतलेच नसते. मग मिळालेल्या मोकळिकीत एकच मोठा स्टार न आणता छोटे छोटे करार केले. शेन व्हिक्टोरिनो तीन वर्षांचे ३ कोटी ९० लाख, कोजी उएहारा एका वर्षाचे ४२ लाख ५० हजार. माइक नेपोलीशी तीन वर्षांचं ठरलं होतं पण मेडिकलमधे हिपचा आजार निघाला, तेव्हा करार मोडला नाही, एका वर्षाच्या ५० लाखांवर आणला. २०१३ ला तीच टीम वर्ल्ड सिरीज जिंकली, शेवटचा आउट उएहाराने काढला. आणि समोर कोण? पुहोल्सला सोडलेले कार्डिनल्स.

डेट्रॉइटचा डेव्ह डोम्ब्रोव्स्कीही तसाच. जानेवारी २०१२ ला त्यांचा बॅटर व्हिक्टर मार्टिनेझचा गुडघा गेला, म्हणून फील्डरला नऊ वर्षांचे २१.४ कोटी दिले, घाईतला करार. पण दोनच सीझननंतर, फील्डर अजून रोज खेळत असताना, ३ कोटी वर देऊन त्याला टेक्सासला पाठवला आणि इयान किन्सलर घेतला. पुढे फील्डरची मान गेली, २०१६ ला खेळणं थांबलं. फार छान सुटका.

आणि याच डोम्ब्रोव्स्कीने चारच महिन्यांनी, मार्च २०१४ ला, मिगेल काब्रेराला आणखी आठ वर्षांचे २४.८ कोटी लिहून दिले. जुन्या कराराची दोन वर्षं बाकी होती, वय एकतिसाला टेकलेलं. २०१६ छान गेलं, मग पाठ धरली ती धरलीच, आणि ते कॉन्ट्रॅक्ट २०२३ पर्यंत चाललं. हॉवर्डचं सगळं समोर घडत असताना त्याने हे केलं, म्हणून फील्डरच्या ट्रेडला मी दिलेले मार्क इथे परत घेते.