अलार्म लावलेल्या जुन्या मारुती ८००ला सेल्फ का लागत नाही?

रिमोटने अलार्म बंद होतो, दिवे लागतात, पण सेल्फ मुका? आधी बॅटरी मोजा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करा. उगाच अलार्मला दोष नको.

बॅटरी ठीक असेल तर स्टिअरिंगखाली अलार्मचा छोटा रिले (सेल्फचा प्रवाह तोडणारा विजेचा स्विच) शोधा. सेल्फची वायर कापून तिची दोन टोकं बहुधा रिलेच्या ३० आणि ८७ए असं लिहिलेल्या पिनांना दिलेली असतात. बऱ्याचदा वायर पिळून नुसती टेप मारतात. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो, सांधा सैल होऊन काळा पडतो. गाडी न्यूट्रलला ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, ती दोन टोकं थेट एकमेकांना सोल्डर करून वर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा. रिले नुसता उपटू नका, सर्किट तुटलेलंच राहील.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर इग्निशनची वायर कापलेली असू शकते. तीही तशीच जोडा.