८७६ पाउंडांचं धनुष्य: घ्या, पण आज नको

लेस्टरहून एका वाचकाने लिहिलंय: ‘मी मूळचा कराडचा, वय ३४. वर्षभर क्लबच्या ३५ रतली लाँगबोवर (उंच, लाकडी इंग्रजी धनुष्यावर) शिकतोय. आता एका कारागिराकडून यूच्या लाकडाचं ५५ रतली धनुष्य करून घ्यायचंय. धनुष्य ७२०, डझनभर बाण ९६, जादा दोरी, पिशवी वगैरे ६०, मिळून ८७६ पाउंड. विसार २४०, सहा महिन्यांनी हातात. पगार २,४५० येतो, घरखर्च १,७५०, आईला २०० पाठवतो. बचत ३,१०० आहे. सगळं क्रेडिट कार्डावर घेऊन महिना ४० भरत फेडू का? मेरी रोज या जुन्या इंग्रजी युद्धजहाजावरची धनुष्यं चारशेहून जास्त वर्षं टिकली, म्हणजे ही गुंतवणूकच ना?’ (वजनाच्या पौंडाला आपण रतलच म्हणू, पैशांशी गोंधळ नको. ३५ रतली म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं धनुष्य.)

धनुष्य जरूर घ्या. पण कार्डावर फेडत नको आणि ऑर्डर आजच नको.

गुंतवणूक म्हणाल तर ही नाही. मेरी रोज १५४५ साली बुडालं, १९८२ साली वर काढलं. त्यावरची धनुष्यं टिकली ती समुद्रतळाच्या गाळात गाडली गेली म्हणून. तुमचं धनुष्य रोज वाकणार. लाकूड हळूहळू दोरीच्या बाजूला बसतं, जोर थोडा उतरतो, एखादं मोडतंही. शिवाय ते तुमच्या हाताच्या मापाचं. विकायला गेलात तर त्या मापाचं गिऱ्हाईक शोधावं लागेल. हा हौसेचा खर्च आहे, आणि हौसेला पैसे ठेवणं मला मुळीच गैर वाटत नाही.

एका कारागिराच्या शेडमध्ये मी हे काम बघितलंय. भिंतीवरच्या आधाराला धनुष्य अडकवतात, कप्पीवरून दोरीने इंच इंच खाली ओढतात, जिथे कमी वाकतं तिथलं पोटाकडचं, म्हणजे नेमबाजाच्या बाजूचं, लाकूड खरवडतात आणि पुन्हा ओढतात. पाठीला सालीलगतचं फिकट लाकूड, ते ताण सोसतं. पोटाला गाभ्याचं तांबूस लाकूड, ते दाब सोसतं. ही सगळी मेहनत ठरलेल्या एका ओढीसाठी, म्हणजे दोरी किती इंच मागे येते त्यासाठी, असते. तुमची ओढ २६ इंच आणि धनुष्य २८ इंचांवर ५५ रतली असेल, तर हाताला पन्नासच्या आसपासच लागेल. उलट ठरल्यापेक्षा जास्त ओढलंत तर मोडण्याची भीती. आणि वर्षभर ३५ रतल ओढणाऱ्याने एकदम ५५वर जाणं खांद्याला महागात पडतं. धनुष्य कपाटात पडून राहिलं की ७२० पाउंड गेलेच. म्हणून आधी क्लबचंच ४५ रतली मागून घ्या आणि तीन महिने मारा. त्यावर शेवटचा बाणही पहिल्यासारखा सुटला, तरच पुढचं बोलू.

आता हिशेब. साधारण २४ टक्के व्याजाच्या कार्डावर महिना ४० भरलेत तर फिटायला २८ महिने लागतील आणि अडीचशेच्या आसपास नुसतं व्याज जाईल. एवढ्यात बाणांचे आणखी दोन डझन आले असते. तुमच्याकडे महिन्याला ५०० उरतात. त्यातले १५० धनुष्याला, ३०० अडीअडचणीच्या पैशांत टाका. सहा महिन्यांत धनुष्याचे ९०० जमतील आणि ३,१००चे ४,९०० होतील. आज नोकरी गेली तर तुमच्याकडे दोन महिन्यांचाही घरखर्च नाही. मला धनुष्यापेक्षा काळजी त्याची वाटते. आईचे २०० मात्र कमी करू नका.

विसार तेवढा क्रेडिट कार्डावर भरा आणि त्याच महिन्यात पूर्ण फेडा. ब्रिटनच्या कायद्यात १०० पाउंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूचा काही भाग जरी कार्डावर दिला, तरी विक्रेत्याने दगा दिल्यास कार्ड कंपनीलाही पूर्ण रकमेला जबाबदार धरता येतं. ऑनलाइन खरेदीला मिळणारी १४ दिवसांत परत करायची सोय मात्र मापाने बनवलेल्या वस्तूला नसते. त्यामुळे किती इंचांवर किती रतल, मोडल्यास काय, हे विसार देण्याआधी कारागिराकडून लेखी घ्या.

या शनिवारी क्लबात गेलात की इंचांच्या खुणा केलेला बाण मागा. दहा वेळा ओढा, सोडू नका, आणि दरवेळी आकडा शेजारच्याला वाचायला सांगा. दहा वेळा दहा वेगळे आकडे आले, तर तुमची ओढ अजून ठरलेली नाही, कारागिराला फोन अजून काही महिन्यांनी करा.