घातक जनुकं टिकतात कशी?

तुमच्या पत्रात प्रश्न दोन. आईवडील ठणठणीत असताना मुलाला जीवघेणा आनुवंशिक आजार होतो कसा? आणि डार्विनचं नैसर्गिक निवडीचं म्हणणं खरं असेल तर असली जनुकं केव्हाच निकालात निघायला हवी होती, ती अजून आहेत कशी? पहिल्याचं उत्तर शाळेतच मिळतं, म्हणून ते आधी उरकतो.

बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. अप्रभावी आजारात एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते. असा माणूस वाहक. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक, बरं का. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढच्या तिघांना अभय मिळत नाही.

आता खरी गंमत. समजा, एखाद्या जनुकाच्या १०० प्रतींमागे १ बिघडलेली आहे. जोड्या योगायोगाने जुळत असतील तर १०,००० माणसांत रुग्ण १, वाहक मात्र १९८! म्हणजे बिघडलेल्या २०० प्रतींपैकी १९८ निरोगी माणसांत आहेत. नैसर्गिक निवडीच्या हाती लागतात त्या रुग्णातल्या फक्त दोन. निवड माणसाच्या जगण्यावर आणि संततीवर चालते, त्याच्या पेशींत काय लपलंय ते तिला दिसत नाही.

गणित आणखी ताणून बघा. एकही रुग्ण मूल होण्याइतका जगत नाही असं धरलं, तरी हे प्रमाण १०० त १ वरून २०० त १ वर यायला १०० पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर २,५०० वर्षं. पुढे निम्मं व्हायला आणखी २०० पिढ्या, कारण प्रत जितकी दुर्मीळ, तितकी ती वाहकांतच दडलेली. त्यात नवी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले नवे बदल, होतच राहतात, ती वेगळीच.

हा हिशेब ज्या सूत्रावर उभा आहे ते ब्रिटिश गणितज्ञ हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलं. तोवर अनेकांचा समज होता की प्रभावी गुण हळूहळू सगळीकडे पसरणारच. 'प्रभावी' या शब्दाने आजही तोच घोटाळा होतो. जोडीत कोणाचा परिणाम दिसतो एवढंच तो सांगतो. त्याचा संख्येशी संबंध नाही.

काही वेळा बिघाड चक्क फायद्याचा असतो. सिकलसेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदलतं आणि त्या प्रथिनाच्या साखळीत ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरं बसतं. दोन्ही प्रती तशा असल्या की गंभीर आजार. एकच असली तर फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या गंभीर रूपापासून बरंच संरक्षण. संशोधक ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. मलेरियाच्या प्रदेशात निवड हे जनुक हटवत तर नाहीच, उलट राखून ठेवते.

जाता जाता, आजारी मुलाच्या धाकट्या भावाबद्दल 'धाकटा निरोगी आहे म्हणजे तो सुटला' असं तुम्ही लिहिलंय. आजारातून सुटला, खरं आहे. पण आईवडील दोघंही वाहक असल्याने चार शक्यतांतली आजाराची एक वगळली की उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या आहेत. त्याच्या लग्नाआधी त्याची आणि जोडीदाराची वाहक-तपासणी करून घ्या.